खांदा कॉलनीचा ओव्हन नेऱ्यास स्थिरावला त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ. थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या, आणि त्यांत कोण कोठे पडला, कोण कोणास फितूर जाहला, हत्ती किती नि घोडी किती हे सर्व यथासांग आले. परंतु लढाईचे दिवशी मंडळींनी गोड काय खाल्ले ते एकाही शहाण्याने लिहोन ठेविले नाही, आणि तेणेकरोन इतिहासाची मोठीच खराबी जाहली ऐसे आमचे साफ मत आहे. सबब ती उणीव भरोन काढावी म्हणोन आम्ही लेखणी उचलिली. पनवेल प्रांती खांदा कॉलनीहून नेऱ्यास घर हलविते समयी जो संग्राम जाहला, तो जैसा जाहला तैसा सांगतो. वाचणारास हसू आल्यास त्याने तोंडावर रुमाल धरावा, कारण ज्यांवर प्रसंग गुदरला ते त्या दिवशी हसले नव्हते.

खांदा कॉलनीत दुसरे मजल्यावर भाड्याचे घरात राजश्री शार्दूलराव, त्यांच्या मातुश्री वसुंधराबाईसाहेब आणि त्यांचे कुटुंब अनुयाबाईसाहेब ऐसे तिघे नांदत होते. शार्दूलराव बेलापुरास कचेरीत चाकरीस जात आणि सायंकाळी परत येत. याउपर त्यांचा पराक्रम आम्हांस ठाऊक नाही. स्वयंपाकघरावर अंमल मातुश्रींचा. अनुयाबाई घरूनच कंपनीचे काम पाहात, परंतु त्यांचे चित्त पूर्वेकडील बादशाह्यांत. हात लावताच डुलणारा जपानी केक, सयामची नारळाची पक्वान्ने, मलायाची अननसाची बिस्किटे, ऐसे एकेक मुलूख त्यांनी मोबाइलात पाहोन पाहोन काबीज केले, आणि या सर्व मोहिमा एका लहानशा ओव्हनाचे बळावर केल्या.

ऐसा हा मर्द ओव्हन, परंतु त्यास त्या घरात बसावयास जागा नव्हती. त्याचे पोटात अंडी जातात म्हणोन स्वयंपाकघरात मनाई. मग तो कधी वॉशिंग मशिनीवर, कधी पलंगाखाली, कधी बेडरूमचे खिडकीत ऐसा परागंदा सरदारासारखा दिवस काढी. केक पुरता निवतो न निवतो तोच मातुश्रींचा हुकूम सुटे की ते धूड उचला, आणि अनुयाबाई दोन्ही हातांस फडकी गुंडाळोन तो ऊन ओव्हन पुन्हा पलंगाखाली सारीत. आपल्या वस्तूस आपल्या घरात एक ठाव असावा, आणि तेथून ती उचला ऐसे कोणी म्हणू नये, इतकेच त्यांचे मागणे होते. लग्न जाहल्यापासून ते पुरे जाहले नव्हते. याचे त्यांस दुःख होते, आणि त्या ते बोलोन दाखवीत नसत.

पुढे शार्दूलरावांनी नेऱ्याचे वाटेवर नवे इमारतीत तिसरे मजल्यावर स्वतःचे घर घेतले. घर उत्तम, वारा उत्तम, खिडकीतून डोंगर दिसे. परंतु बिल्डराने स्वयंपाकघरात जड यंत्रास चालेल ऐसा मोठा प्लग एकच दिला, ओट्याचे उजवे कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यावर दोन दावे उभे राहिले. एक अनुयाबाईंचे ओव्हनाचा, दुसरा वसुंधराबाईंचे घरघंटीचा. ही घरघंटी पांढरी, कमरेइतकी उंच, आणि भाजणी दळते समयी तिचा आवाज ऐसा की खालचे मजल्यावर फळीवरील डबे सरकत. तिचे दळण ज्यांनी खाल्ले ते गिरणीचे पीठ पुन्हा घेत नाहीत, हेही खरेपणाने लिहिले पाहिजे.

तेव्हा मसलत बसली. शार्दूलराव उभय पक्षांस सारखेच भिऊन असत, म्हणोन त्यांस मध्यस्थ नेमिले, आणि त्यांनी तह केला तो ऐसा: गृहप्रवेशाचे दिवशी अनुयाबाईंनी आपली परदेशी मिठाई पाहुण्यांपुढे ठेवावी, ताट रिकामे परतल्यास कोपरा ओव्हनाचा, ताटात काही उरल्यास कोपरा घरघंटीचा आणि ओव्हन माळ्यावर. माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही, हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. अनुयाबाईंनी हे जाणोनही मान डोलाविली, कारण लढल्यावाचून माळा आणि लढोन माळा यांत त्यांस लढणे बरे वाटले.

मग मिठाई कोणती, याचा खल जाहला. शुभकार्यात अंडे वर्ज्य, तेणेकरोन जपान बाद. तेव्हा त्यांनी चीन देशी नजर फेकली. त्या देशी शरदाचे पुनवेस मूनकेक नामे पक्वान्न करितात, बाहेर पातळ पारी, आत गोड सारण, वर साच्याची नक्षी, आणि मग भाजणे. सारणास त्यांनी लाल चवळी शिजवोन, वाटोन, गूळ घालोन तुपावर परतली, आणि मातुश्रींनी दारातून पाहोन चवळीचे पुरण आम्ही जन्मात ऐकिले नाही ऐसा शेरा मारिला. साचा आला तो खालचे मजल्यावरील हलीमाबी यांजकडून. त्यांचा पुत्र शाहीद सिंगापुरास नोकरीस, त्याने आईस आणिलेला लाकडी साचा त्यांनी सख्य म्हणोन दिला. आता पारीचे पिठास चिमूटभर तीव्र खार लागतो, आणि तो बाजारात मिळेना. अखेर मातुश्री देवदर्शनास गेल्या असता अनुयाबाईंनी त्यांचे पापडाचे डब्यातून पापडखार काढिला आणि झाकण पूर्वीप्रमाणे लाविले. लढाईत ऐसे होते.

घरमालकाने महिनाअखेर घर मोकळे मागितले आणि गुरुजींनी मुहूर्तही तोच दिला, म्हणोन हलणे आणि गृहप्रवेश एकाच दिवशी आला. आदले दिवशी सारण आणि पीठ सिद्ध करोन ठेविले. साच्यात दाबणे आणि भाजणे एवढेच नवे घरी उरले. शार्दूलरावांनी सामानाचा बंदोबस्त आपणाकडे घेतला आणि खोक्याखोक्यांवर मोठ्या अक्षरांत आतील जिन्नस लिहावयाचे ते न लिहिता, प्रत्येक खोक्यावर ‘महत्त्वाचे’ ऐसेच लिहिले. त्यांचे म्हणणे की सर्वच महत्त्वाचे आहे. ते खरेही होते, परंतु उपयोगाचे नव्हते.

प्रातःकाळी कळंबोलीहून टेंपो आला. सारथी कमळाकर नामे, नेऱ्याचाच राहणारा. पलंग, कपाटे, घरघंटी ऐसा सर्व सरंजाम मागे चढला, परंतु ओव्हन मागे ठेवावयास अनुयाबाई राजी होईनात. त्यांनी पुढे बसोन तो मांडीवर घेतला, आणि त्यावर पिठाचा डबा.

“ताई, मांडीवर कशाला घेतलाय? मागं जागा हाय, आमी दोरी बांधतो, काय नाय होत,” ऐसे कमळाकर म्हणाला.

अनुयाबाईंनी ओव्हन अधिकच घट्ट धरिला. मग टेंपोने उड्डाणपूल ओलांडिला आणि सुकापुरावरून नेऱ्याचे वाटेस कूच केले. वाटेत गतिरोधक फार, आणि प्रत्येक गतिरोधकास ओव्हनाचे दार उघडोन बाईसाहेबांचे हनुवटीस लागे. सुकापूर येईतो हनुवटी तांबडी जाहली, परंतु डबा कलंडू दिला नाही. नवे इमारतीत पोहोचताच वॉचमनाने सामानास लिफ्ट मना ऐसा बिल्डराचा हुकूम ऐकविला, कारण लिफ्टीतील आरशास ओरखडा येतो. मग हमाल जिन्याने निघाले, आणि अनुयाबाईही ओव्हन पोटाशी धरोन तीन मजले चढल्या, आणि वर जाऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, कारण उंबऱ्यात, रिक्षाने आधीच येऊन पोहोचलेल्या वसुंधराबाई आडव्या उभ्या होत्या.

त्यांनी हुकूम जारी केला की या घरात प्रथम दूध उतू जाईल. ते पूर्वेकडे सांडेल. तोवर कसलाही अग्नी पेटणार नाही, गॅस नाही, ओव्हन नाही, उदबत्तीसही गुरुजींस विचारावे लागेल. हुकूम वाजवी होता. नवे घरात दूध उतू गेल्यावाचून चूल चालू करीत नाहीत, हे अनुयाबाईंसही मान्य. त्यांनी हिशेब केला की दूध उतू जावयास कितीसा वेळ लागतो, आणि पाहुणे तर जेवणाचे वेळेस येणार. म्हणोन ओव्हन तूर्त कोपऱ्यात टेकविला आणि मूनकेक साच्यात दाबोन ओळीने मांडिले.

गुरुजी आले, कलशपूजा जाहली, पाहुणे जमू लागले. त्यांत पुण्याच्या शोभाआत्या, ज्या पदार्थास नाव ठेविल्यावाचून घास गिळीत नाहीत ऐसी ख्याती. आणि खांदा कॉलनीहून हलीमाबीही आल्या. पातेले ओट्यावर आले, दूध ओतिले, हळदकुंकू जाहले, आणि शेगडी पेटवावी तो सिलिंडरास रेग्युलेटर नाही. शार्दूलरावांस विचारिले. त्यांनी सांगितले की तो आम्ही स्वहस्ते काढिला आणि अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेविला. कोठे ठेविला, हे मात्र त्यांस आठवेना. मग खोक्यांवर धाड पडली. ‘महत्त्वाचे’ फोडिले, त्यातून चादरी निघाल्या. दुसरे ‘महत्त्वाचे’ फोडिले, त्यातून गणपतीचे मखर. तिसऱ्यातून जुने चार्जर आणि एक पायमोजा निघाला. शार्दूलराव घामाघूम होऊन खोक्यांत डोके घालीत, आणि मातुश्री प्रत्येक खोक्यागणिक त्यांजकडे पाहात, आणि तो प्रसंग आम्ही वर्णू इच्छीत नाही.

इमारत नवी, शेजारी अद्याप कोणी राहावयास आले नव्हते. कोणी म्हणाले खालचे हॉटेलातून दूध उकळोन आणू, तर वसुंधराबाईंनी परक्याचे अग्नीवर आपल्या घराचे दूध उतू घालीत नाहीत म्हणोन तो सल्ला फेटाळिला. शार्दूलरावांनी विजेची किटली आणिली. ती मातुश्रींनी हाती घेऊन पाहिली, आणि उतू जाण्याआधीच आपसूक बंद पडणारी वस्तू शुभकार्यास कैसी चालेल ऐसा सवाल केला. गुरुजी घड्याळाकडे पाहू लागले. राहुकाळ जवळ आला होता, आणि त्यांस कळंबोलीस दुसरी वास्तू होती.

ऐसे सर्व उपाय खुंटले असता अनुयाबाई कोपऱ्यातून बोलल्या.

“आई, ओव्हनमध्ये उतू घालता येईल. मी करते.”

वसुंधराबाईंनी विचारिले की ज्यात अंडी भाजिली त्यात आपले दूध? अनुयाबाईंनी तो चार दिवस घासोन, पुसोन, आत लिंबू फिरवोन स्वच्छ केल्याचे सांगितले. मग प्रकरण गुरुजींकडे गेले. गुरुजी धोतर सावरोन ओव्हनापुढे बसले, आणि अनुयाबाईंनी क्षणभर बटण फिरविले, तो आतील कांडी तांबडी जाहली.

“लाल दिसतंय ना, मग तो अग्नी. अग्नीला विटाळ नसतो,” ऐसा गुरुजींनी निर्णय दिला, आत पळीभर गंगाजल शिंपडावयाचे ते विजेचे भयाने दारावरच शिंपडिले, आणि घाई करा म्हणाले.

आता ओव्हनात दूध उतू घालणे हे वाटते तितके सोपे नव्हे. शेगडीवर आच खालून, म्हणोन दूध उसळते. ओव्हनात आच चोहोकडून, तेणेकरोन वर जाड साय धरते आणि दूध तिजखाली दबोन बसते. अनुयाबाईंनी हे अनेक वेळा बासुंदी करते समयी भोगिले होते. त्यांनी वरची कांडी बंद केली, खालची ठेविली, मोठे पातेले दूर सारिले. हलीमाबी पदर सावरोन मागे उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “भाभी, भांडं छोटं घ्या, काठोकाठ भरा. इन्शाअल्ला जाईल उतू.” मग देवापुढील लहान वाडगे घेतले, काठोकाठ भरिले, आणि ते पूर्वेस किंचित कलते ठेविले.

मग सर्व फौज ओव्हनाचे काचेपुढे उकिडवी बसली. आत्या, गुरुजी, मातुश्री, शार्दूलराव, सर्व एका रांगेत. दूध थरथरले. साय धरली. अनुयाबाईंनी दार उघडोन लांब चमच्याने साय फोडिली आणि दार लाविले. पुन्हा धरली, पुन्हा फोडिली. त्यांचे कपाळावरील केस आचेने चिकटले, आणि माळा त्यांस डोळ्यांपुढे दिसू लागला, हे त्यांनी मागाहून आम्हांस सांगितले. इतक्यात वाडग्याचे मध्यभागी एक बुडबुडा आला, मग काठावर, आणि मग दूध एकदम उठले आणि पूर्वेकडे सांडले. ते थेट तांबड्या कांडीवर पडले, चर्र ऐसा आवाज जाहला, धूर निघाला, आणि घराची सर्व वीज गेली.

गुरुजींनी त्या धुरातच उत्तम, उत्तम म्हटले आणि दक्षिणा घेऊन कळंबोलीस रवाना जाहले.

शार्दूलरावांनी खटका वर केला, वीज आली, आणि कांडी सुकताच अनुयाबाईंनी मूनकेक आत सारिले. परंतु आत सांडलेले दूध जळत होते. त्याचा धूर त्या लहान पोटात कोंडला, आणि आच खालून अधिक, वरून कमी लागली. मूनकेक बाहेर आले ते वर नक्षीदार, पिवळे, देखणे, आणि खाली काळेठिक्कर, आणि वास सर्वांगी करपलेल्या दुधाचा. दुसरे पीठ नव्हते, वेळही नव्हता. अनुयाबाईंनी सुरीने बुडे खरवडिली, आणि ताट बाहेर पाठविले.

तहाप्रमाणे सर्वांचे डोळे ताटावर. हलीमाबींनी दोन खाल्ले आणि सारणाची वाखाणणी केली. शोभाआत्यांनी एकाचा कोपरा मोडिला, बराच वेळ चघळिला, आणि ही नानखटाई आहे की अनारसा हे या मिठाईसच ठरविता आले नाही ऐसे म्हणोन उरलेला केक कागदी रुमालात गुंडाळिला. इतरांनी एकेक घेऊन पाणी मागितले. ताट परतले तेव्हा त्यात अर्धे मूनकेक शिल्लक होते. मोजावयाचे कारणच उरले नाही.

पाहुणे गेले. वसुंधराबाई ओट्यापाशी उभ्या राहोन त्या ताटातील एक मूनकेक खाऊ लागल्या, सावकाश, एकेक कण. “यात पापडखार माझा आहे,” एवढेच त्या बोलल्या. अनुयाबाईंनी मान खाली घातली. मातुश्रींनी दुसरा उचलिला.

शार्दूलराव मध्यस्थ खरे, तहाचे पक्के. त्यांनी शिडी आणिली, माळ्याचे दार उघडिले, आणि ओव्हनाचे दोन्ही बाजूंस हात घातले. अनुयाबाईंनी पाठ फिरविली आणि त्या नळ सोडोन धुतलेलेच भांडे पुन्हा धुऊ लागल्या. त्यांस रडू आले होते.

“ठेव ते खाली,” वसुंधराबाई म्हणाल्या. “दूध त्यात उतू गेलंय. चूल हलवत नाहीत.”

शार्दूलरावांनी ताट दाखविले, तह दाखविला. मातुश्रींनी तह ताटाचा होता, चुलीचा नव्हता ऐसा निवाडा दिला, आणि हळदकुंकवाची कोयरी आणोन ओव्हनाचे काचेवर पाच बोटे उमटविली. घरघंटी गॅलरीत वॉशिंग मशिनीचे प्लगापाशी गेली. तेथे तिचे पिठाचा डबा ओढिला तो आत, फडक्यात गुंडाळोन, अत्यंत सुरक्षित ठेविलेला रेग्युलेटर निघाला. शार्दूलराव त्या सायंकाळी लवकर निजले.

याप्रमाणे कोपरा मिळाला. परंतु राज्य मिळाले म्हणजे राज्याचे कायदेही मिळतात. दुसरेच दिवशी मातुश्रींचे नवे फर्मान आले की ओव्हन आता घराची चूल. तेव्हा चुलीत अंडे जाणार नाही. एका वाक्यात जपान गेले, सयाम गेले, मलाया गेली. जिंकोन सर्व गमावणे म्हणतात ते हेच. अनुयाबाई ओव्हनापुढे पाट घेऊन बसल्या आणि बराच वेळ बसोनच राहिल्या, आणि वसुंधराबाईंनी ते जाता येता तीन वेळा पाहिले.

सायंकाळी मातुश्रींनी चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि दारात थांबल्या.

“मी आता रोज या वेळी देवळात जाणार. तेवढ्या वेळात घरात काय होतं, ते मला ठाऊक नसतं.”

आणि गेल्या. अनुयाबाईंनी क्षणभरही न दवडता अंडी फोडिली आणि जपानी केक चढविला. आता हा केक मंद आचेचा, त्यास तासाहून अधिक लागतो, आणि देऊळ तर रस्त्यापलीकडेच. वसुंधराबाई दर्शन आटोपोन, प्रदक्षिणा घालोन परत आल्या, आणि फाटकातून वर पाहिले, तो तिसरे मजल्यावर स्वयंपाकघराचे खिडकीत ओव्हनाचा तांबडा उजेड अद्याप दिसत होता. त्या तेथे किंचित उभ्या राहिल्या, आणि मग वळोन पुन्हा देवळात जाऊन बसल्या.

येणेप्रमाणे नेऱ्याची मोहीम फत्ते जाहली, ओट्याचा उजवा कोपरा ओव्हनाकडे कायम जाहला, आणि त्यास तेथून उचला ऐसे आजतागायत कोणी म्हटले नाही. हे खरे म्हणोन नोंदिले.